दुसऱ्या बाजूचं पहिलं गाणं

माझी मुलगी एकवीस वर्षांची झाली, तरी वर्षातून एक सिनेमा ती माझ्याबरोबर पाहते. निवड तिची असते. गेल्या वर्षी तिनं अंतराळातल्या सुपरहिरोंचा निवडला. मी शाळेत भूगोल शिकवतो. माणसं एका ग्रहावरून दुसऱ्या ग्रहावर परळहून दादरला जावं तशी जाऊ लागली, की माझं लक्ष उडतं. पण लेकीच्या शेजारी अडीच तास बसायला मिळतं, म्हणून मी काही बोलत नाही.

सिनेमाची गोष्ट साधीच होती. एक जुनाट मालवाहू यान, पन्नाशीची एक कप्तान बाई, तिच्या हातात डोंगर हलवायची ताकद, आणि सोबत चार-पाच चित्रविचित्र प्राणी. यानात एक जुना टेप बसवलेला होता. त्यात एक कॅसेट अडकून पडलेली, काही केल्या बाहेर न निघणारी. त्यामुळे लढाई असो की जेवण, तीच गाणी वाजत राहायची. ती कॅसेट कुणी भरली, ते यानातल्या कुणालाच ठाऊक नव्हतं. सगळी गाणी सत्तर-ऐंशीच्या काळातली, इंग्रजी, पायानं ठेका धरायला लावणारी.

तिसरं की चौथं गाणं सुरू झालं आणि मी हातातला पॉपकॉर्नचा डबा खाली ठेवला. कडव्याच्या शेवटी ड्रम एकदम थांबतो आणि गाणारी बाई एकटीच एक ओळ म्हणते, हे मला ती ओळ यायच्या आधी माहीत होतं. नंतर गिटार कुठे शिरते तेही माहीत होतं. शब्दांचा अर्थ मला तेव्हाही कळत नव्हता आणि आताही नीटसा कळला नाही, पण ते गाणं मी कमीत कमी शंभर वेळा ऐकलेलं होतं.

बाहेर पडल्यावर मुलीनं विचारलं, "बाबा, तू मघाशी गुणगुणत होतास. तुला कसं माहीत ते गाणं?"

"तुझ्या आत्याचं आहे ते."

"आत्याचं?" ती थांबलीच. "आत्या इंग्रजी गाणी ऐकते?"

तिला ठाऊक असलेली आत्या प्रभादेवीला राहते, दिवाळीला चकल्या पाठवते, निवृत्त झाल्यापासून सकाळी समुद्रावर फिरायला जाते आणि फोनवर दोन मिनिटांच्या वर बोलत नाही.

"ऐकायची," मी म्हणालो.

"मग तिलाही आणू ना. तू आण. मी येत नाही, तुम्ही दोघं या."

ती सहज बोलून गेली. मला मात्र त्यानंतर दोन-तीन दिवस दुसरं काही सुचलं नाही.

ताई माझ्यापेक्षा सहा वर्षांनी मोठी. आम्ही तेव्हा लालबागला चाळीत राहायचो, दुसऱ्या मजल्यावर, एका खोलीत. गिरणी बंद पडल्यावर बाबा दादरच्या एका कापडाच्या दुकानात लागले होते. ताई बारावी झाली, टायपिंग शिकली आणि एकोणिसाव्या वर्षी फोर्टातल्या एका कचेरीत चिकटली. घरात टेपरेकॉर्डर आला तो तिनं आणलेला. त्यावर आई सकाळी अभंग लावायची, मी सिनेमाची गाणी लावायचो. मशीन जिचं होतं तिची पाळी सगळ्यांच्या नंतर यायची.

कचेरीत तिच्या शेजारच्या टेबलावर एक ख्रिस्ती मुलगी होती. गिरगावात लाकडी घरांची एक जुनी वाडी आहे, तिथली. तिनं ताईला इंग्रजी गाण्यांचा नाद लावला. एकदा ताई तिच्याकडून एक कॅसेट भरून घेऊन आली. त्या दिवसापासून बाकी सगळ्यांचं ऐकून झालं की ताई टेपपाशी जाऊन बसायची, आवाज अगदी बारीक करून. मांडीवर वही घ्यायची. एक ओळ ऐकायची, बंद करायची, ऐकलेले इंग्रजी शब्द मराठी अक्षरांत लिहून काढायची, पुन्हा मागे फिरवायची. दुसऱ्या दिवशी मैत्रिणीला विचारून चुका दुरुस्त करायची. आई भाकऱ्या थापता थापता म्हणायची, "ह्या काय लावलंस गो? एक अक्षर कळणा नाय." ताई नुसती हसायची. ती लावायची ती नेहमी एकच बाजू. दुसरी बाजू आमच्यासमोर तिनं कधी लावली नाही, आणि मला ते कधी खटकलंही नाही.

मी सोळा वर्षांचा होतो. चाळीतली माझ्या वयाची पोरं गॅलरीतून जाता जाता विचारायची, "काय रे, तुझी ताई लंडनला चालली काय?" मला लाज वाटायची. आमच्याच खोलीतून असलं काही ऐकू यावं याचा राग यायचा. पण तो मी कुणाला बोलून दाखवला नव्हता.

त्या वर्षी चाळीच्या सत्यनारायणाच्या पूजेला संध्याकाळी लहान मुलांचे नाच होते आणि गाण्यांची जबाबदारी माझ्याकडे होती. पाच नाच, पाच वेगवेगळ्या कॅसेटमधली पाच गाणी, ती ओळीनं एका कॅसेटवर भरायची. शेजारच्या काकांकडून दोन कॅसेटींचा टेप मागून आणला होता, कोरी कॅसेटही आणून ठेवली होती. पूजेच्या दुपारी भरायला बसलो आणि त्या टेपनं माझ्या कोऱ्या कॅसेटचं रीळ खाल्लं. सगळं बाहेर येऊन चुरगळलं. दुकानं पाचनंतर उघडायची आणि सहाला नाच सुरू व्हायचे होते.

ताई कामावर गेली होती. मी तिच्या खणातून ती कॅसेट काढली.

कॅसेटच्या पाठच्या कडेला दोन बारीक टिकल्या असतात. त्या मोडून टाकल्या की त्या कॅसेटवर पुन्हा काही भरता येत नाही. ताईनं दोन्ही टिकल्या मोडलेल्या होत्या. म्हणजे हे कुणी पुसू नये असं तिला वाटत होतं, आणि ते मला स्पष्ट दिसत होतं. टिकलीच्या जागी काहीतरी कोंबलं की टेपला फसवता येतं, हेही मला माहीत होतं. मी वहीचा तुकडा फाडला, त्याचा बोळा करून त्या भोकात दाबून बसवला. दुसरी बाजू वर केली आणि बटण दाबलं. आधी एकदा लावून बघावं, काय आहे ते ऐकावं, इतकंही केलं नाही. बटण दाबताना मनात आलेलं आठवतं: बरं झालं, निम्मी कटकट तरी गेली.

नाच छान झाले. पोरांना पुन्हा एकदा नाचायला लावलं. ताई कामावरून थेट तिथेच आली होती. खांद्याला पर्स, मागे बायकांत उभी राहून टाळ्या वाजवत होती.

दोन दिवसांनी तिनं मला गॅलरीत बोलावलं. कॅसेट तिच्या हातात होती.

"दुसऱ्या बाजूला हे नाचाचं काय आहे?"

"चुकून झालं," मी म्हणालो. "मला कोरी वाटली."

"कोरी वाटली?"

"हो. एक बाजू आहे ना तुझी?"

तिनं माझ्याकडे पाहिलं, मग कॅसेट उलटीपालटी केली. "बरं," म्हणाली आणि आत गेली. आईला सांगितलं नाही, बाबांना सांगितलं नाही. त्यानंतर ती इंग्रजी गाणी लावेनाशी झाली, पण तेही मला बऱ्याच दिवसांनी जाणवलं. दोन वर्षांनी तिचं लग्न झालं. ती कॅसेट चाळीतच राहिली. चाळ पाडून टॉवर व्हायचं ठरलं तेव्हा खोली रिकामी करायचं काम माझ्याकडे आलं, आणि मी गोणीभर जुन्या कॅसेटी भंगारात दिल्या. तीही त्यातच असणार. मी बघितलंसुद्धा नाही.

सिनेमाला येतेस का, असं फोनवर विचारलं तेव्हा ताई आधी नाहीच म्हणाली. गुडघे दुखतात, थेटरात आवाज फार असतो, तुझे भाऊजी घरी एकटे. मी म्हटलं, त्यात तुझी जुनी गाणी आहेत. मग बसलेल्या आवाजात म्हणाली, "सकाळचा खेळ असेल तर येते."

ताईचा आवाज आठ वर्षांपूर्वी गेला. थायरॉइडचं ऑपरेशन झालं, गाठ साधी निघाली, सगळं सुखरूप पार पडलं, पण आवाज बसला तो बसलाच. तेव्हापासून ती घोगरं आणि थोडंथोडं बोलते.

सोमवारी सकाळी आम्ही दोघं लोअर परळला गेलो. थेटरात वीसेक माणसं होती. अंतराळातल्या मारामाऱ्या ताईनं माझ्यापेक्षा जास्त मजेत पाहिल्या. एका सहा हातांच्या प्राण्याला ती दोनदा हसली. मग ते गाणं आलं. मी पडद्याकडे न बघता तिच्याकडे बघत होतो. तिचे ओठ हलत होते. शब्दाला शब्द, पूर्ण गाणं, कुठेही न अडखळता. आवाज मात्र अजिबात नव्हता.

पुढे सिनेमातला दुष्ट राजा यानातून तो टेप उचकटून काढतो, कॅसेट फुटते आणि रीळ अंतराळात तरंगत जातं. प्रेक्षकांत कुणीतरी चुकचुकलं. माझ्यानं बघवलं नाही.

खेळ सुटल्यावर आम्ही वरच्या मजल्यावर चहा घेऊन बसलो. ती खूश दिसत होती. "ती बाई चांगली दाखवलीय," म्हणाली. "आपल्या वयाची. नाहीतर यात सगळी पोरंच असतात."

मी म्हणालो, "ताई, ती कॅसेट माझ्याकडून चुकून पुसली गेली नव्हती."

ती चहात फुंकर घालत होती. "ठाऊक आहे."

"कसं?"

"कागदाचा बोळा तसाच होता त्या भोकात. चौकटीचा कागद, तुझ्या गणिताच्या वहीचा."

छत्तीस वर्षं मी ते मनाच्या एका कोपऱ्यात ठेवलं होतं, आणि तिला ते तेव्हाच कळलेलं होतं.

"मग बोलली का नाहीस?"

"काय बोलणार? कोरी वाटली, म्हणालास. त्यावरून कळलं की तू ऐकली नाहीस. ऐकून पुसली असतीस तर मग बोलले असते."

"काय होतं त्या बाजूला?"

तिनं कप खाली ठेवला. "पहिलं गाणं आमचं होतं. आम्ही दोघींनी म्हटलेलं."

मला वाटलं, मी काहीतरी भलतंच ऐकलं. मी म्हणालो, "तू गायचीस?"

मग तिनं सांगितलं. शनिवारी कचेरी अर्धा दिवस असायची. घरी जास्तीचं काम आहे सांगून ती मैत्रिणीबरोबर गिरगावला जायची. मैत्रिणीच्या भावाकडे गिटार होती, एक माइक होता, त्याला गाणी भरायची हौस होती. मैत्रीण मुख्य सूर धरायची, ताई तिच्या खालून दुसरा सूर. तीन शनिवार त्यांनी एकाच गाण्याची तालीम केली. चौथ्या शनिवारी भरलं. "तिची आई स्वयंपाकघरातून बाहेर येऊन दारात उभी राहिली होती," ताई म्हणाली. "हातात पीठ तसंच. गाणं संपेपर्यंत हलली नाही."

"आम्हाला कधी ऐकवलं नाहीस?"

"आईला ऐकवायचं होतं. धीर होत नव्हता. आज ऐकवू, उद्या ऐकवू, असं चाललं होतं."

"मग पुन्हा का नाही भरलंत?"

"महिन्याभरात ते सगळे ऑस्ट्रेलियाला गेले. आणि एकटीनं गाणं मला जमत नव्हतं रे. दुसऱ्या सुराला पहिला लागतोच."

हे ती अगदी साधेपणानं बोलली, रडली वगैरे नाही. मला मात्र आठ वर्षांपूर्वीची एक दुपार आठवली. ऑपरेशनच्या आधी डॉक्टरांनी विचारलं होतं, "आवाजाचं काही काम करता का? गाता वगैरे?" ताई उत्तर द्यायच्या आत मी हसून म्हणालो होतो, "नाही हो डॉक्टर, आमच्या घरात कुणीच गात नाही." ताई तेव्हा पलंगावर बसून होती. तिनं माझं म्हणणं खोडून काढलं नाही. डॉक्टरांनी कागदावर खूण केली आणि पुढचा प्रश्न विचारला. माझ्या उत्तरानं ऑपरेशनात काही फरक पडला असता असं मला वाटत नाही. तरी ते उत्तर माझ्या तोंडून गेलं होतं.

त्या आठवड्यात मी ताईला न सांगता गिरगावात गेलो. मैत्रिणीकडे त्या गाण्याची दुसरी प्रत असेल, अशी आशा होती. वाडी अजून आहे, मागे तीन बाजूंनी टॉवर. ताईनं सांगितलेलं घर विकलं गेलं होतं. समोरच्या ओट्यावर एक म्हातारे गृहस्थ पेपर वाचत बसले होते. मी विचारलं तसं त्यांनी लगेच ओळखलं. "ती? नाताळला अजून फोन करते आम्हाला," म्हणाले आणि आत जाऊन नंबर घेऊन आले.

रविवारी दुपारी मी व्हिडिओ कॉल लावला. पडद्यावर पिकल्या केसांची एक हसरी बाई आली. मी कोण ते सांगितल्यावर तिनं चष्मा नीट केला.

"तू तिचा भाऊ? ती कशी आहे? किती वर्षं झाली रे."

तिचं मराठी तसंच होतं, मध्ये मध्ये इंग्रजीवर घसरणारं. ताईची वही तिला आठवत होती. "मराठीत लिहायची सगळं. मी वाचून हसायची आणि ती चिडायची." ताई डब्यात तिच्यासाठी जास्तीची सुकी भाजी आणायची, तेही आठवत होतं. मग मी गाण्याचं विचारलं. तुम्ही दोघींनी तुमच्या घरी एक गाणं भरलं होतं, त्याची प्रत आहे का कुठे?

ती आठवू लागली. बराच वेळ आठवत राहिली.

"आम्ही? दोघींनी?" ती म्हणाली. "असेल. माझा भाऊ घरी येईल त्याला माइकसमोर बसवायचा. पण सॉरी, मला नाही आठवत. आणि आम्ही आलो ना, तेव्हा कपड्यांशिवाय काही आणलं नाही. ते सगळं तिथंच राहिलं."

तिनं आपला नंबर ताईला द्यायला सांगितलं, दोनदा सांगितलं. फोन ठेवताना म्हणाली, "ती शांत होती खूप. पण मला आवडायची."

आठवडाभर मी ताईकडे गेलो नाही. काय सांगायचं ते ठरत नव्हतं. मैत्रिणीला सगळं आठवतंय, फक्त कॅसेट हरवली, असं सांगून टाकावं, असं शंभरदा मनात आलं. त्यानं ताईला बरं वाटलं असतं. पण तिच्याशी एकदा खोटं बोललो होतो, तेही तिला तेव्हाच कळलं होतं.

पुढच्या रविवारी प्रभादेवीला गेलो. भाऊजी झोपले होते. ताई टेबलाशी बसून मेथी निवडत होती. मी शेजारी बसलो आणि सगळं सांगितलं, वाडीचं, फोनचं, वहीचं, भाजीचं. शेवटी तेही सांगितलं, की ते गाणं तिला आठवत नाही.

ताईचा हात थांबला. मग ती पुन्हा पानं खुडू लागली.

"तिच्या कशाला लक्षात राहील," ती म्हणाली. "ती रोज गायची."

मीही एक जुडी घेतली आणि निवडू लागलो. थोड्या वेळानं तिनं विचारलं, "तब्येत बरी आहे ना तिची?"

"बरी आहे. केस पांढरे झालेत."

"आपले काय काळे आहेत," ती म्हणाली आणि नंबर मागून घेतला. फोनमध्ये साठवायच्या आधी भिंतीवरच्या कॅलेंडरवर पेन्सिलीनं लिहून ठेवला. फोन करशील का, असं मी विचारलं.

"आधी लिहून पाठवते. एकदम आवाज ऐकला तर तिला वाटेल कोण ही बाई."

तिनं लिहिलं की नाही ते मला माहीत नाही. मी विचारलेलं नाही आणि तिनं सांगितलेलं नाही. मुलीनं त्या सिनेमातली सगळी गाणी काढून आत्याच्या फोनवर पाठवली. ताई ती सकाळी फिरताना ऐकते, असं भाऊजी म्हणाले.

परवा जेवताना मुलीनं मला विचारलं, "बाबा, आत्याचा आवाज कसा होता? म्हणजे गाताना?"

मी सांगू लागलो. आत्या बोलायची कशी, हसायची कशी, गॅलरीतून मला हाक कशी मारायची, ते सांगितलं. ती म्हणाली, "ते नाही, गातानाचा."

"तो मी ऐकला नाही," मी म्हणालो.